धुराची वर्णव्यवस्था

मनूनं माणसांची वर्गवारी केली हे आपल्याला पाठ आहे. आता धुराचीही झालीय.

कोळशाच्या वीजकेंद्रांनी चिमणीतला सल्फर डायऑक्साइड आवरावा, असा नियम केंद्र सरकारनं डिसेंबर २०१५ मध्ये केला. धूर चुनखडीच्या पाण्यानं धुवायचा, गंधक खाली बसतं. मुदत दोन वर्षं. ती वाढली, परत वाढली, साली वाढतच राहिली. २०२१ साली केंद्रांच्या तीन जाती पाडल्या, ए, बी, सी. आणि जुलै २०२५ ला निकाल लावला. 'ए' म्हणजे दिल्ली परिसर नाहीतर दहा लाख वस्तीचं शहर, त्यापासून १० किलोमीटरच्या आतली केंद्रं. त्यांनी यंत्र बसवायचं. 'बी' म्हणजे आधीच प्रदूषित ठरलेल्या गावाशहरांजवळची. त्यांचं प्रकरण बघून ठरवू. 'सी' म्हणजे उरलेली सगळी. त्यांना माफी. चिमणी नियमाएवढी उंच असली की झालं.

देशातली बहुतेक केंद्रं या 'सी'त आहेत. आणि तिथं राहतं कोण? खेडी, तांडे, आदिवासी पाडे, गावकुसाबाहेरचे आपण. दहा लाख डोकी एका जागी जमली तर फुप्फुसाला किंमत, नाहीतर फुकट.

उंच चिमणी धूर संपवत नाही, लांब नेऊन टाकते. हवेत त्या वायूची बारीक धूळ होते, ती शेकडो किलोमीटर जाते. तिला १० किलोमीटरची वेस कुणी दाखवली?

साहेब लोक म्हणतात, देशी कोळशात गंधक कमी. बरं, हिशेब करू. ५०० मेगावॉटचा एक संच पूर्ण चालला तर दिवसाला ७,००० टनांवर कोळसा खातो. शंभर किलोत अर्धा किलो गंधक धरा. रोजचं ३५ टन. म्हणजे ५० किलोच्या ७०० गोणी, आणि जळल्यावर वजन दुप्पट. मी गोदीत ओझी वाहतो, वजन मला शिकवू नका.

यंत्र बसवलं तर वीज महागेल, हाही एक रडका सूर आहे. मग आजवर स्वस्त होती ती कुणाच्या जिवावर?

कुणी आपल्याला विजेचा वैरी म्हणेल. म्हणू द्या. बाबासाहेब १९४२ ते ४६ व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते, वीजही त्यांच्याकडेच होती. वीज स्वस्त आणि मुबलक हवी, हे त्यांनी तेव्हाच मांडलं. आपल्यालाही हवी. देशाची निम्म्याहून बरीच जास्त वीज आजही कोळशाची आहे. सूर्य मावळला की सौर पाट्या थंड, आणि तेव्हाच घराघरात बटणं दाबली जातात. विझलेला बॉयलर काडी ओढून पेटत नाही, तासन्‌तास लागतात. म्हणून उद्या सकाळी भट्ट्या विझवा असं मी म्हणत नाही. जळतायत तोवर धूर धुवा म्हणतो, सगळीकडे, सारखा.

महानिर्मितीचं सगळ्यात मोठं केंद्र चंद्रपूरचं, २,९२० मेगावॉट. चंद्रपूर प्रदूषित शहरांच्या सरकारी यादीत कधीचं आहे. तिथली वीज तारांतून राज्यभर जाते, राख मात्र तिथंच राहते. ज्यानं नकाशावर १० किलोमीटरचा गोल काढला, त्याला म्हणावं, ये बाबा, दुर्गापूरला खोली घे. उन्हाळ्यात ये. पोरंबाळं घेऊन ये.