झोपेचा ताळेबंद

हिवरे बाजारमध्ये पाऊस किती झाला, याचा हिशेब ग्रामसभेत आधी मांडला जातो. पिके कोणती घ्यायची, हे त्यानंतर ठरते. पाऊस कमी असेल, तर जास्त पाण्याची पिके टाळली जातात. विमान कंपन्यांचे गणित उलटे आहे. उड्डाणांचे वेळापत्रक आधी ठरते आणि वैमानिकांची विश्रांती उरलेल्या वेळात बसवली जाते.

डिसेंबर २०२५ मध्ये या उलट्या गणिताची किंमत प्रवाशांनी मोजली. वैमानिकांची साप्ताहिक विश्रांती ३६ वरून ४८ तासांवर नेणारे आणि रात्रीच्या लँडिंगवर कडक मर्यादा घालणारे नियम नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने जानेवारी २०२४ मध्येच जाहीर केले होते. त्यांचा दुसरा टप्पा १ नोव्हेंबर २०२५ रोजी लागू झाला. तरीही इंडिगोचे नियोजन कोलमडले, हजारो उड्डाणे रद्द झाली आणि मुंबई-पुण्याच्या विमानतळांवर प्रवासी ताटकळले. अखेर कंपनीला रात्रीच्या नियमांतून तात्पुरती सूट मिळाली. कात्री लागली ती पुन्हा विश्रांतीलाच.

झोपेची उधारी मनोबलाने फिटत नाही. पहाटे दोन ते सहा या वेळेत मेंदूची सावधता सर्वांत कमी असते. सलग १७ तास जागलेल्या माणसाच्या हालचाली रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असल्याइतक्या मंदावतात, असे प्रयोगांत दिसले आहे. शिवाय दमलेल्या माणसाला स्वतःच्या थकव्याचा नीट अंदाज येत नाही. मद्य फुंकर मारून तपासता येते, थकवा नाही. म्हणूनच वैमानिक स्वतःहून ‘दमलोय’ म्हणतो, तेव्हा ते ऐकलेच पाहिजे.

२२ मे २०१० रोजी मंगळूरला एअर इंडिया एक्स्प्रेसचे विमान दरीत कोसळून १५८ जणांचा मृत्यू झाला. चौकशीनुसार मुख्य वैमानिक प्रवासात बराच वेळ झोपलेला होता. सहवैमानिकाने विमान पुन्हा वर घेण्यास तीनदा सांगितले, तरी लँडिंग थांबले नाही. झोपेतून उठल्यावरची सुस्ती आणि वरिष्ठापुढे कनिष्ठाचा न चाललेला शब्द, दोन्ही एकाच वेळी भोवले.

‘आज उड्डाण जमणार नाही’ असे सांगणाऱ्या वैमानिकाकडे व्यवस्थापनाने कामचुकार म्हणून पाहता कामा नये. त्याच्या बढतीवर किंवा पुढच्या ड्युटीवर त्याचा परिणाम होऊ नये. थकव्याच्या तक्रारींची छाननी ड्युटी लावणाऱ्या विभागाकडे न ठेवता स्वतंत्र डॉक्टरांकडे द्यावी. किती तक्रारी आल्या, किती मान्य झाल्या, हे जाहीर व्हावे.

विहिरीत पाणी नसताना मोटार चालू ठेवली, की मोटारच जळते. विमानात मात्र मागे दीडशे-दोनशे माणसे बसलेली असतात.