परिचारिकेच्या वाट्याचे चीवर

वर्षावासाच्या प्रवचनांतून एक कथा आपण सारे वारंवार ऐकत आलो आहोत. पोटाच्या विकाराने जर्जर झालेला एक भिक्खू स्वतःच्याच मलमूत्रात पडून होता आणि त्याची विचारपूस करणारे कोणी नव्हते. तथागतांनी आनंदाकडून पाणी आणविले, दोघांनी मिळून त्याला स्वच्छ केले, उचलून मंचकावर निजविले आणि मग संघाला रुग्णशुश्रूषेचा उपदेश केला. प्रवचन येथे थांबते, श्रोते हात जोडतात. आम्हांला मात्र इतिहासाचे विद्यार्थी या नात्याने ही कथा ग्रंथात कोठे आली आहे, हेही पाहावेसे वाटते. ती विनयपिटकातील महावग्गाच्या चीवरविषयक प्रकरणात, म्हणजे वस्त्रांच्या वाटपाचे नियम सांगणाऱ्या भागात आहे. त्याच ठिकाणी पुढे नियम येतो की, भिक्खू निवर्तल्यावर त्याच्या वस्तूंचा स्वामी संघ असला, तरी त्याचे पात्र व चीवर शुश्रूषा करणाऱ्यांना द्यावे. आणि शुश्रूषा करणाऱ्यांत एखादा श्रामणेर असेल, तर त्यालाही समान वाटा द्यावा.

करुणेच्या उपदेशाला लागूनच मोबदल्याचा नियम आहे, आणि त्यात कनिष्ठालाही बरोबरीचा हिस्सा आहे. हे पुढचे पान प्रवचनांत क्वचितच वाचले जाते. आरोग्यखात्याच्या धोरणात तर ते दिसतच नाही.

दरवर्षी १२ मे रोजी परिचारिका दिन साजरा होतो. गुलाबपुष्पे दिली जातात, ‘सेवा हाच धर्म’ अशा अर्थाची भाषणे होतात. आम्हांला या ‘सेवा’ शब्दाविषयी अलीकडे शंका येऊ लागली आहे. २००० साली आमच्याच क्षेत्रात ‘शिक्षणसेवक’ आला आणि वेतनाच्या जागी मानधन आले. २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात ‘आशा स्वयंसेविका’ आली, तिलाही मानधनच. पदाच्या नावात सेवा शिरली की पगारपत्रकातून वेतन बाहेर पडते, हा गेल्या पाव शतकाचा अनुभव आहे. अशा वेळी सावित्रीमाईंचा दाखला दिला जातो. प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा करताना १० मार्च १८९७ रोजी त्यांनी देह ठेवला, हे आमचे पूजनीय स्मरण आहे. परंतु त्यांनी स्वेच्छेने केलेल्या त्यागाचा आधार घेऊन आजच्या मुलीला अकरा महिन्यांच्या करारावर राबविणे, हा त्या त्यागाचा गौरव नव्हे.

सर जोसेफ भोर यांच्या समितीने १९४६ साली नोंदविले होते की, देशात त्रेचाळीस हजार लोकांमागे एक परिचारिका आहे. १९७१ पर्यंत हे प्रमाण पाचशे लोकांमागे एक असे व्हावे, अशी त्या समितीची अपेक्षा होती. रुग्णालयांसाठी भारतीय परिचर्या परिषदेचा दंडक सर्वसाधारण रुग्णालयात पाच रुग्णांमागे एक व शिक्षण देणाऱ्या रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक असा आहे. ज्यांनी आपला आप्त शासकीय रुग्णालयात दाखल केला आहे, त्यांना रात्रपाळीत एका वॉर्डात किती ‘सिस्टर’ असतात हे आम्ही सांगण्याची गरज नाही. मंजूर पदे रिक्त ठेवायची आणि ओरड झाली की कंत्राटाने ती भरायची, ही आता रीतच झाली आहे.

येथे आपल्या समाजाचा प्रश्न सुरू होतो. आपल्या वसतिगृहांतून बारावी झालेल्या किती तरी मुली ‘एएनएम’, ‘जीएनएम’कडे वळतात, अनेक घरांतले पहिले कायम वेतन याच पांढऱ्या गणवेशातून आले. नियमित भरती झाली की बिंदुनामावली लागते, अनुसूचित जातींचे तेरा टक्के पाहिले जातात. तीच जागा खासगी संस्थेमार्फत भरली की बिंदुनामावली कोण पाहणार? आरक्षण रद्द करण्यासाठी राज्यघटनेला हात लावावा लागत नाही. पद तेवढे शासनाच्या आस्थापनेबाहेर नेले की पुरते. शिवाय एप्रिल २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने, नियमबाह्य नेमणुकीवर केवळ अनेक वर्षे काम केले म्हणून कायम होण्याचा हक्क मिळत नाही, असे स्पष्ट केले. म्हणजे ‘आधी लागू द्या, पुढे पाहू’ हा पालकांचा भरवसाही फारसा उरत नाही.

याविरुद्ध लढताच येत नाही असे नाही. मे २०२२ मध्ये बाह्यस्रोत भरतीच्या विरोधात राज्यातील शासकीय परिचारिका संपावर गेल्या. सप्टेंबर २०२३ मध्ये नऊ खासगी संस्थांमार्फत मनुष्यबळ घेण्याचा निर्णय शासनाने काढला आणि लोकक्षोभामुळे ऑक्टोबरमध्ये तो मागे घेतला. खासगी रुग्णालयांबाबत, सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशाने नेमलेल्या समितीने पन्नासपेक्षा कमी खाटा असल्या तरी परिचारिकेला दरमहा किमान वीस हजार रुपये द्यावेत, असे सुचविले. दोनशेहून अधिक खाटा असतील तर शासकीय वेतनाइतके. केरळातील परिचारिका लढल्या आणि २०१८ साली तेथे किमान वेतन वीस हजारांवर गेले.

वेतन अपुरे, अधिकार जवळजवळ नाही. जबाबदारी मात्र संपूर्ण. ६ नोव्हेंबर २०२१ रोजी अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयातील अतिदक्षता विभागाला आग लागून अकरा रुग्ण दगावले, तेव्हा तीनच दिवसांत एका वैद्यकीय अधिकाऱ्यासह तीन परिचारिकांना अटक झाली. कोण दोषी हे न्यायालय ठरवील. पण इमारतीची वीजजोडणी आणि अग्निशमन यंत्रणा यांच्या निविदेवर परिचारिकेची सही नसते, एवढे आम्हांला ठाऊक आहे.

म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने पालकांना आमचे सांगणे आहे की, मुलीचा प्रवेश घेण्यापूर्वी त्या परिचर्या महाविद्यालयाला परिषदेची मान्यता आहे काय आणि प्रशिक्षणासाठी रुग्ण असलेले खरे रुग्णालय जोडलेले आहे काय, हे स्वतः जाऊन पाहावे. शुल्काचा आकडा नंतर विचारावा. नोकरीत असलेल्या माजी विद्यार्थिनींनी संघटनेची वर्गणी चुकवू नये. आणि जे माजी विद्यार्थी आज जिल्हा परिषदेत, मंत्रालयात वा वकिलीत आहेत, त्यांनी आपापल्या जिल्ह्यातील अधिपरिचारिकांची मंजूर पदे किती, भरलेली किती, कंत्राटी किती आणि बिंदुनामावली शेवटची कधी तपासली, ही माहिती माहितीच्या अधिकारात मागवावी. अर्जाचे शुल्क दहा रुपये आहे.