पोचा निघाला, पण घासणाऱ्या पोरांचे काय?

दिवाळीला आटपाडीत गाड्यांची गर्दी होते. गलाईच्या धंद्यासाठी देशभर पांगलेली आपल्या भागातील माणसे गावी येतात, बोळात गाडी वळवताना दार घासते आणि पोचा पडतो. या पोच्यांवर डेंटरची चूल पेटत आली आहे. पत्रा ठोकायचा, लांबी भरायची, पाणीपेपरने घासायचे, प्रायमर मारायचा, मग रंग. दोन-तीन दिवसांचे काम आणि दोघा-तिघांच्या हाताला मजुरी.

आता शहरांत रंग न लावता पोचा काढणारे कारागीर आले आहेत. आतून वाकड्या सळया घालून, दिव्याचे प्रतिबिंब पत्र्यावर न्याहाळत, पत्रा थोडा थोडा दाबून मूळ जागी आणायचा. आतून सळई पोचत नसेल तर बाहेरून गोंदाने टॅब चिकटवून ओढायचा. रंग तडकलेला नसेल तर लहान पोचा तासा-दोन तासांत निघतो. कंपनीचा मूळ रंग शाबूत राहतो, गाडी विकताना भाव पडत नाही. वर, विम्याचा दावा न करणाऱ्याला स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यात पहिल्या वर्षानंतर २० आणि पुढे वाढत ५० टक्क्यांपर्यंत सूट मिळते. मग पोच्यासाठी दावा कोण करील?

जुन्या पद्धतीसाठी गळा काढण्याचे कारण नाही. थिनरचा वास, घासकामाची धूळ आणि रंगातले दमा जडवणारे आयसोसायनेट तोंडाला नुसता रुमाल बांधून छातीत घेणारी पोरे आपलीच आहेत.

पण ही पोरे धंद्यात शिरतात ती घासकामाच्या पायरीवरूनच. आधी पेपर हातात येतो, दोन वर्षांनी हातोडी. पोटाला मिळत असताना विद्या मिळते. नव्या कामात ही पायरीच नाही. भंगारातल्या दारांवर आणि बॉनेटांवर कित्येक महिने सराव करावा लागतो, तोही मजुरीविना. सळयांच्या संचाचा खर्च वेगळा. भूमिहीनाचा पोरगा इतके महिने बिनपगारी कसा बसेल? मोठ्या अपघाताच्या गाड्या विम्याच्या कॅशलेस सोयीने कंपनीच्या वर्कशॉपकडे जातात. लहान पोचेही गेले, तर तालुक्याच्या डेंटरला गंजलेले टेम्पो उरतील.

आटपाडी हे शंकरराव खरातांचे गाव. जन्माने वाट्याला आलेली तराळकी म्हणजे काय, हे त्यांच्या ‘तराळ-अंतराळ’ने महाराष्ट्राला सांगितले. १९५८ च्या कायद्याने महार वतन गेले. शिकले ते नोकरीत गेले. न शिकलेल्यांपैकी काही गॅरेजात गेले. बापाचा धंदा काय, हे तिथे विचारले जात नव्हते.

सरकार मात्र अजून तेच विचारते. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत १८ व्यवसाय आहेत, तेही परंपरागत, कुटुंबात चालत आलेले. अवजारांसाठी १५,००० रुपये, दोन टप्प्यांत ३ लाखांपर्यंत कर्ज, ५ टक्के व्याज. लोहार त्यात आहे, डेंटर नाही. पत्रा तर दोघेही ठोकतात! जात ही श्रमिकांचीच विभागणी आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ साली दाखवून दिले. २०२३ ची यादी तीच विभागणी पुढे चालवते.

आयटीआयमध्ये मोटारीच्या बॉडी दुरुस्तीचा अभ्यासक्रम आहे. गॅरेजात राबणाऱ्या पोरांसाठी त्यात या कामाचे संध्याकाळचे वर्ग, विद्यावेतनासह, काढता येतील. महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळाने अवजारांच्या संचाला कर्ज द्यावे. आपल्या विहारांत स्पर्धा परीक्षांची मार्गदर्शन शिबिरे होतात, ती व्हावीतच. पण दहावी नापास पोराला त्या दारात बोलावतो कोण?

आणि वकील म्हणून एक सांगतो. दहा वर्षे काम केलेल्या डेंटरकडे आपण डेंटर आहोत याचा एकही कागद नसतो, बँकेत तो तिथेच अडतो. पूर्वीच्या अनुभवाला प्रमाणपत्र देण्याची सोय सरकारच्या कौशल्य विकास योजनेत आहे. गॅरेजमालकाकडून किती वर्षे काम केले ते आजच सहीनिशी लिहून घ्या.