आधी ऊस चिरून पाहा, मग औषध आणा

ऊस पिवळा पडला की दुकानात जाऊन ‘काहीतरी द्या’ म्हणायची घाई करू नका. रोग न ओळखता केलेली फवारणी म्हणजे पैसे पाण्यात. उसाचे बरेचसे बुरशीजन्य रोग डोळ्यांनी आणि नाकाने ओळखता येतात.

शेंड्यातून काळा, लांब चाबूक निघाला तर ती काणी. चाबकावरचा चंदेरी पापुद्रा फाटला की काळी भुकटी वाऱ्याबरोबर शेजारच्या फडातही जाते. म्हणून चाबूक दिसताच त्यावर प्लास्टिकची पिशवी चढवा, तो अलगद कापा आणि मगच सगळे बेट मुळासकट काढून जाळा. खोडव्यात काणी बळावते. जास्त काणी असलेल्या उसाचा खोडवा ठेवू नका.

उभा ऊस वाळत असेल तर तो उभा चिरा. आत लाल गाभा, त्यात आडवे पांढरे पट्टे आणि दारूसारखा आंबूस वास असेल, तर ती लाल कूज. उत्तर प्रदेशात को 0238 या गाजलेल्या वाणाला याच रोगाने ग्रासले. पांढरे पट्टे नसतील, गाभा जांभळट-तपकिरी आणि पोकळ असेल, तर मर रोग. लावलेली टिपरी उगवली नाही तर उकरून चिरा. अननसाचा वास आला तर तो अननस रोग.

पावसाळ्यात शेंड्याची कोवळी पाने बुडाशी पांढरट पडून पिळवटली, तर तो पोक्का बोईंग. पानावरच्या नारिंगी-तपकिरी पुटकुळ्यांची भुकटी बोटाला लागली, तर तांबेरा.

एक मात्र ध्यानात ठेवा. गवतासारखे बारीक, पांढुरके फुटवे दिसले आणि चाबूक कुठेच नसेल, तर ती बहुधा गवताळ वाढ असते. ती बुरशीमुळे होत नाही, त्यामुळे बुरशीनाशकाचा तिथे उपयोग नाही.

काणी, लाल कूज, मर आणि गवताळ वाढ हे चारही रोग बेण्यातून पसरतात. म्हणून रोगट फडातले बेणे फुकट मिळाले तरी घेऊ नका. 54 अंश सेल्सिअसच्या बाष्पयुक्त उष्ण हवेत अडीच तास प्रक्रिया केलेल्या बेण्यापासून वाढवलेल्या बेणेमळ्यातलेच बेणे आणा आणि लावणीआधी ते शिफारशीतल्या बुरशीनाशकात बुडवा.

ओळख पटत नसेल तर रोगट उसाचा नमुना घेऊन कारखान्याच्या शेती विभागाला, पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्राला किंवा मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटला दाखवा. औषधाची बाटली त्यानंतरच विकत घ्या.