महिला कबड्डीला ठरलेली तारीख हवी

पावसाळा सरला आणि भातकापणी उरकली की आपल्या जिल्ह्यात कबड्डीचा मोसम सुरू होतो. वैभववाडीपासून दोडामार्गापर्यंत गावोगावची मंडळं मैदान आखतात, दिवे लावतात, पत्रकं वाटतात. त्या पत्रकांवर पुरुषांच्या खुल्या गटाची बक्षिसं ठळक अक्षरांत असतात आणि महिलांच्या वाट्याला, असलीच तर, शेवटची एक ओळ येते : अंतिम फेरीपूर्वी महिलांचा प्रदर्शनीय सामना. प्रदर्शनीय सामना जिंकून कुणी पुढच्या फेरीत जात नाही आणि हरून कुणी बाद होत नाही. बहुतेक वेळा तो पुरुषांसाठी आखलेल्या मैदानावरच खेळवला जातो. नियमानुसार महिलांचं मैदान १२ बाय ८ मीटरचं आणि पुरुषांचं १३ बाय १० मीटरचं. महिलांच्या मैदानात मध्यरेषेपासून निदान रेषा ३ मीटरवर असते, पुरुषांच्या मैदानात पावणेचार मीटरवर. म्हणजे चढाईला गेलेल्या मुलीला निदान रेषा ओलांडायलाच पाऊण मीटर जास्त आत जावं लागतं, आणि पकड करणाऱ्या मुलींना दोन मीटर जास्त रुंदी सांभाळावी लागते. प्रदर्शनासाठी फक्की पुन्हा कोण मारणार? माझं म्हणणं असं की सिंधुदुर्गात आठही तालुक्यांतल्या महिला संघांसाठी बाद पद्धतीची स्वतंत्र चषक स्पर्धा हवी, ती दरवर्षी त्याच तारखेला व्हावी, आणि बक्षिसाच्या रकमेपेक्षा तिच्यात खंड न पडण्याला जास्त किंमत असावी.

तारखेला एवढं महत्त्व का, हे खेळाचा इतिहासच सांगतो. कबड्डीची पहिली पुरुष राष्ट्रीय स्पर्धा १९५२ मध्ये मद्रासला झाली आणि महिलांची १९५५ मध्ये कोलकात्याला. अंतर अवघं तीन वर्षांचं. इंग्लंडमध्ये पुरुषांचा फुटबॉल चषक १८७१-७२ च्या मोसमात सुरू झाला. १९२१ मध्ये तिथल्या फुटबॉल संघटनेने आपल्या सदस्य क्लबांची मैदानं महिलांना बंद केली, आणि महिलांच्या चषकाला १९७०-७१ चा मोसम उजाडावा लागला. स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखात शिंटी नावाचा, हॉकीच्या कुळातला खेळ गावागावांत खेळतात. त्यात पुरुषांचा राष्ट्रीय चषक १८९६ पासून आहे, पण महिलांची संघटना उभी राहायला २००१ साल उजाडलं. त्या मानाने आपली सुरुवात फार चांगली होती आणि तिचं फळही मिळालं. यंदा जिल्हा संघाची निवड, मग राज्य अजिंक्यपद, मग राष्ट्रीय, ही साखळी वर्षानुवर्षं ठाऊक असल्यामुळेच मुंबईत शिवशक्ती, डॉ. शिरोडकर, अमरहिंद आणि पुण्यात राजमाता जिजाऊ यांसारखे महिला संघ उभे राहिले आणि टिकले. शकुंतला खटावकर ते अभिलाषा म्हात्रे अशी अर्जुन पुरस्कारविजेत्या महाराष्ट्रकन्यांची ओळ त्याच मातीतली. खो-खोतही तेच. महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा साठच्या दशकाच्या आरंभी कोल्हापुरात झाली, आणि जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला विश्वचषक जिंकणाऱ्या भारतीय महिला संघाची कर्णधार महाराष्ट्राची प्रियांका इंगळे होती.

आता उलट बाजू पाहू. २०१४ मध्ये प्रो कबड्डी लीग सुरू झाली. २०१६ मध्ये तिच्या जोडीला महिलांची तीन संघांची स्पर्धा भरवली गेली. हैदराबादच्या अंतिम सामन्यात स्टॉर्म क्वीन्सने फायर बर्ड्सला २४-२३ असं एका गुणाने हरवलं. त्याहून रंगतदार शेवट कुठल्या आयोजकाला मिळतो? तरीही ती स्पर्धा पुन्हा झाली नाही, आणि पुरुषांची लीग मोसमामागून मोसम चालू आहे. महिलांचा पहिला विश्वचषक २०१२ मध्ये पाटण्याला झाला, दुसरा थेट २०२५ मध्ये ढाक्याला. दोन्ही भारताने जिंकले. पण पाटण्याचा विजय पाहून बाराव्या वर्षी मैदानात उतरलेली मुलगी ढाक्याच्या वेळी पंचवीस वर्षांची झालेली होती, आणि मधल्या तेरा वर्षांत कितीजणी खेळ सोडून गेल्या त्याची नोंद कुठे नाही. एकदाच झालेली स्पर्धा बातमीपुरती उरते. पुढच्या वर्षीही होणार अशी खात्री असलेली स्पर्धा मात्र मुलीला वर्षभर सरावाला नेते आणि तिच्या घरच्यांना तो सराव पटवून देते.

पहिला आक्षेप मला माहीत आहे : संघ कुठून आणणार? मुंबई-गोव्याला नोकरीसाठी गाव रिकामं होतं, मुली लग्न होऊन जातात. यातलं पहिलं विधान महिलांना तितकंसं लागू नाही. २०११ च्या जनगणनेत सिंधुदुर्गात दर हजार पुरुषांमागे १०३६ स्त्रिया होत्या. चाकरमानी म्हणून बाहेर पडणाऱ्यांत पुरुष जास्त, त्यामुळे वाडीत सात मुलगे गोळा करण्यापेक्षा सात मुली गोळा करणं अवघड असायचं कारण नाही. लग्नाची अडचण मात्र खरी आहे. तिच्यावर उपाय नियमातच करता येईल : विवाहित खेळाडूला मोसमाच्या आधी नाव नोंदवून माहेरच्या किंवा सासरच्या, कुठल्याही एका गावाकडून खेळता यावं. गणपतीला आणि जत्रेला माहेरवाशिणी येतातच, चषकालाही येतील. शिवाय शिंटीचा मोठा चषक पिढ्यान्‌पिढ्या जिंकत आलेली किंगुसी आणि न्यूटनमोर ही हजार-दीड हजार वस्तीची गावं आहेत. लहान गावाला संघ झेपत नाही, हे त्या गावांनी खोटं ठरवलं आहे.

दुसरा आक्षेप जास्त विचार करायला लावतो. प्रशिक्षक म्हणतात, बाद पद्धतीत निम्मे संघ एकच सामना खेळून घरी जातात. नव्या मुलींना सामने हवेत, म्हणून साखळी हवी. हे म्हणणं बरोबर आहे आणि पहिल्याच फेरीत हरलेल्यांसाठी दुय्यम ढाल ठेवून ते मान्यही करता येईल. पण साखळीला चार-पाच दिवस लागतात. तेवढे दिवस मुलींची राहण्याची सोय, घरच्यांची परवानगी, कामावरची रजा हे सगळं जुळवताना संघच गळतात. दोन दिवसांत संपणारी स्पर्धा परवडते. आणि बाद पद्धत जे शिकवते ते साखळीत मिळत नाही. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत आपल्या महिला अंतिम फेरीत इराणकडून २४-२७ हरल्या, आणि पुढच्या, २०२३ मध्ये हांगझोला झालेल्या स्पर्धेत चिनी तैपेईला २६-२५ हरवून त्यांनी सुवर्ण परत आणलं. आज हरलो तर संपलं, हे माहीत असताना शेवटच्या मिनिटाला तीनच खेळाडू उरल्यावर पकडीला जायचं की चढाईपटूला रिकाम्या हाताने परत जाऊ द्यायचं, हा निर्णय फळ्यावर शिकता येत नाही. तो चुकत-चुकत शिकावा लागतो, आणि चुकायला लहान चषक लागतात.

तिसरा आक्षेप प्रेक्षकांचा. महिलांचे सामने बघायला लोक येत नाहीत, असं आयोजक बेधडक सांगतात. त्यांनी नारळी पौर्णिमेला मालवणच्या बंदरजेटीवर उभं राहावं. अलीकडे तिथे महिलांच्या नारळ लढवण्याच्या स्पर्धा भरतात. एकीने नारळ मुठीत घट्ट धरायचा, दुसरीने आपल्या नारळाने त्यावर ठोका द्यायचा, जिचा फुटला ती बाद. तिथे माणूस मावत नाही. कारण दिवस ठरलेला आहे, जागा ठरलेली आहे आणि कोण उरणार हे कुणालाच ठाऊक नाही. या तीन गोष्टी कबड्डीला दिल्या तर गर्दी का होणार नाही? इंग्लंडमध्ये ज्या महिलांना एके काळी मैदान नाकारलं, त्यांच्या २०२३ च्या चषकाच्या अंतिम सामन्याला वेम्ब्लीवर ७७,३९० प्रेक्षक होते. तिथवर पोचायला पन्नासहून जास्त वर्षं स्पर्धा चालू ठेवावी लागली, हे विसरून चालणार नाही.

राज्य सरकारचा छत्रपती शिवाजी महाराज चषक आहे, खो-खोसाठी भाई नेरुरकर चषक आहे, त्यांत महिलांचे गटही आहेत. पण ते आज या जिल्ह्यात, उद्या त्या जिल्ह्यात भरतात आणि तिथे निवडक संघच पोचतात. त्यांच्या खालची पायरी जिल्ह्यानेच बांधायला हवी. तारीख सुचवायची तर १२ जानेवारी, राजमाता जिजाऊंची जयंती, आणि तिला लागून एक दिवस. तोवर भात घरात आलेलं असतं, नाताळचे पर्यटक परतलेले असतात, दहावी-बारावीच्या परीक्षा अजून पुढे असतात. मालवणकरांना बोर्डिंग ग्राउंडच हवंसं वाटेल, पण जागा ओरोसची ठेवावी, कारण आठही तालुक्यांना ती सोयीची आहे आणि संध्याकाळच्या एसटीने मुली घरी पोचू शकतात. मैदान महिलांच्या मापाने आखावं, पंचांत महिला असाव्यात, आणि दर वर्षीच्या विजेत्या व उपविजेत्या संघांतल्या सगळ्या खेळाडूंची नावं गावासह एका वहीत लिहून जिल्हा संघटनेने ती जपावी. पहिल्या वर्षी आठाऐवजी पाचच संघ आले तर स्पर्धा पुढे ढकलू नये. तीन संघांना पुढे चाल द्यावी, आणि ठरल्या दिवशी सकाळी पहिला सामना सुरू करावा.