नांदीचा पाठभेद

संगीत नाटकाविषयी आपल्याकडे जे समीक्षात्मक लेखन होते, त्यात एक विधान वारंवार आढळते: अमुक नांदीची लय द्रुत आहे, स्वर चढा आहे, म्हणून तिचा भाव उत्साहाचा आहे. या विधानाचा आधार बहुधा एखादे ध्वनिमुद्रण असते. कवितेच्या छापील प्रतीबाबत पाठभेदांची चौकशी करणारे आपण, ध्वनिमुद्रणापुढे मात्र निःशंक होतो. ही निःशंकता अभ्यासाला मारक आहे, असे माझे मत आहे.

योहान श्ट्राउसच्या ‘डी फ्लेडरमाउस’ (१८७४) या ऑपेरेटाचे पूर्वसंगीत पाहा. ते ए मेजरमध्ये लिहिलेले आहे आणि पुढे येणाऱ्या चालींची ओळख शब्दांवाचून, वाद्यांतूनच करून देते. स्वरलिपी छापलेली असल्याने ध्वनिमुद्रण ऐकणाऱ्याच्या हाती तुलनेसाठी लेखी पाठ असतो. वाद्यवृंदाच्या संचालकाने लय कुठे ताणली, कुठे सोडली, हे त्याला दाखवता येते.

आपली नांदी वेगळ्या कुळातली आहे. अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘संगीत शाकुंतल’ ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात रंगभूमीवर आले. त्याची नांदी देवतांना वंदन करते आणि कालिदासाचे नाव घेऊन नाटकाची वार्ता देते. पूर्वसंगीत जे चालींतून सांगते, ते नांदी शब्दांतून सांगते. तिची चाल गुरुमुखातून आणि नटमुखातून पुढे गेली. तिची पट्टी कोणी कायमची ठरवून ठेवलेली नव्हती. शिवाय नांदी समूहाने म्हणायची. सर्वांच्या गळ्याला पेलेल अशी पट्टी तिथे लागते. तीच नांदी एकटा गायक ध्वनिमुद्रणासाठी गातो, तेव्हा तो आपल्या गळ्याची पट्टी धरतो. राग तोच राहतो, पण गळ्यावरचा ताण बदलतो, आणि ताणाबरोबर भावही.

यात यंत्राची भर पडते. जुनी तबकडी मिनिटाला ७८ फेरे घेते असे आपण म्हणतो. परंतु आरंभीच्या काळात हा वेग सर्वत्र सारखा नव्हता. ७८ फेऱ्यांवर मुद्रित झालेली तबकडी ८३ फेऱ्यांनी फिरवली, तर काळी एकचे गाणे जवळजवळ पांढरी दोनमध्ये ऐकू येते आणि तीन मिनिटांचे गाणे सुमारे ११ सेकंद आधी संपते. पट्टी आणि लय दोन्ही एकदम चढतात. ऐकणाऱ्याला वाटते की गायक उल्हसित आहे. प्रत्यक्षात यंत्र घाईत असते. पुढे ध्वनिफितीच्या यंत्रांनीही हाच घोटाळा केला, आणि आज महाजालावर चढवलेल्या कित्येक प्रतींनी तो निमूटपणे जतन केला आहे.

वेळेचे बंधन हा आणखी एक भाग. दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर सुमारे तीन मिनिटे मावत. रंगमंचावर ‘वन्समोअर’ घेत फुलणारे पद तेवढ्यात बसवायचे, तर आलाप छाटावे लागत आणि लय वाढवावी लागे. म्हणून तबकडीवरची चपळाई हा त्या काळच्या गायकीचा स्वभाव मानण्यापूर्वी थांबले पाहिजे. मूळ प्रयोगापर्यंत तर तबकडी पोहोचतच नाही. किर्लोस्कर १८८५ मध्ये निवर्तले, शकुंतलेची भूमिका गाजवणारे भाऊराव कोल्हटकर १९०१ मध्ये. ग्रामोफोन कंपनीचे भारतातले पहिले ध्वनिमुद्रण कलकत्त्यात झाले ते १९०२ मध्ये.

यावर कोणी म्हणेल, श्रोत्याला जो भाव जाणवला तोच खरा, मूळ शोधण्याचा खटाटोप कशाला? जाणवलेला भाव खराच असतो. फक्त तो ‘या ध्वनिमुद्रणाचा’ भाव आहे असे लिहावे, ‘किर्लोस्करांच्या नांदीचा’ असे लिहू नये. पाठचिकित्सेत आपण हेच करतो: प्रत सांगतो, मग अर्थ सांगतो.

हा प्रश्न मी आष्टीहून मांडतो आहे. बीडची किंवा वर्ध्याची नव्हे, जालना जिल्ह्यातल्या परतूर तालुक्यातली आष्टी. इकडच्या मराठीच्या वर्गात संगीत नाटकाचा प्रयोग पाहिलेला विद्यार्थी क्वचित भेटतो. तिसरी घंटा, धुपाचा वास, पडद्यामागे धरलेला ऑर्गनचा सूर, प्रेक्षागृहाची हळूहळू शांत होत जाणारी कुजबूज, यांतून नांदीचा भाव निम्माअधिक घडतो. तो ज्याला लाभला नाही, त्याच्यापुढे भ्रमणध्वनीतून ऐकू येणारी एकच प्रत असते. पुण्यामुंबईच्या रसिकाला ध्वनिमुद्रण ही प्रयोगाची आठवण असू शकते. येथल्या विद्यार्थ्याला तेच मूळ ग्रंथासारखे असते. म्हणून सावधगिरीची गरज त्यालाच अधिक.

उपाय अवघड नाही. एकाच नांदीची दोन-तीन ध्वनिमुद्रणे वर्गात ऐकवावीत. पेटीवर प्रत्येकाचा षड्ज शोधावा. तो दोन पट्ट्यांच्या मधोमध पडत असेल, तर वाद्यांची जुळणी आणि यंत्राचा वेग या दोहोंबद्दल शंका घ्यावी. घड्याळ लावून लय मोजावी. एवढे झाल्यावरच भावाविषयी बोलावे. मग विद्यार्थी जे लिहील ते थोडे कमी ठाम असेल, परंतु त्याने स्वतः ऐकलेले असेल.