कोलारच्या खाणीतील अनुत्तरित प्रश्न

राजकारणाच्या आणि बाजारभावाच्या वार्ता बाजूस सारून पहिल्या पृष्ठावरील ही जागा आज आम्ही एका बंद पडलेल्या खाणीतील जुन्या नोंदींना देत आहोत, याचे काही वाचकांस नवल वाटेल. परंतु या नोंदी आपल्या मुंबईतील टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या आहेत. त्या प्रसिद्ध झाल्यास अर्धशतक लोटले आहे, आणि त्यांचा निर्णायक अर्थ अद्यापि लागलेला नाही. एवढेच असते तर हा विषय पंडितांच्या परिषदेत शोभला असता. परंतु तो अर्थ लावण्याचे साधन उभारण्याचे काम या देशात अडून पडले आहे, आणि म्हणूनच त्याविषयी लिहिणे आम्हांस प्राप्त आहे.

डॉ. होमी भाभा यांनी १९४५ साली ही संस्था स्थापन केली, तेव्हापासून विश्वकिरणांचा अभ्यास हा तिच्या जिव्हाळ्याचा विषय होता. अंतराळातून पृथ्वीवर अखंड कोसळणाऱ्या कणांच्या या वर्षावापासून सुटका हवी असेल, तर जमिनीच्या पोटात शिरावे लागते. म्हणून १९५१ पासून संस्थेची माणसे कोलारच्या सोन्याच्या खाणीत उतरू लागली. सुमारे २३०० मीटर खोलीवर, जेथे वरचा खडक जवळजवळ सर्व विश्वकिरण अडवितो, तेथे १९६५ साली त्यांनी ओसाका व डरहॅम येथील संशोधकांच्या सहकार्याने वातावरणात जन्मलेल्या न्यूट्रिनोची नोंद केली. त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेतील एका खाणीत अमेरिकन पथकासही हे साधले. तत्पूर्वी जगात कोणास साधले नव्हते.

पुढे त्याच खाणीत एक विलक्षण गोष्ट आढळली. न्यूट्रिनो खडकात आदळला की त्यातून कण उडतात. त्यांच्या वाटा उलट दिशेने आखीत गेल्यास त्या खडकात एका बिंदूशी मिळावयास हव्यात. १९७५ साली प्रसिद्ध झालेल्या काही घटनांत मात्र त्या वाटा खडक आणि यंत्र यांमधील पोकळीतच मिळत होत्या. आता हवेत न्यूट्रिनोने आदळावे असे द्रव्य ते किती! तेव्हा एखादा नवा कण खडकात जन्मून पोकळीत येताच फुटत असावा, असा तर्क करण्यात आला. परदेशांतील मोठ्या यंत्रांवर त्या कणाचा शोध झाला. तो काही सापडला नाही, आणि प्रश्न मागे पडला. अशा घटना सगळ्या मिळून बोटांवर मोजण्याइतक्याच. त्यांच्यापायी कोण किती काळ अडून बसणार?

२०१४ साली जी. राजशेखरन आणि एम. व्ही. एन. मूर्ती या भारतीय शास्त्रज्ञांनी या जुन्या कोड्याकडे नव्या दृष्टीने पाहिले. विश्वाच्या एकंदर साठ्यापैकी आपल्या ओळखीचे द्रव्य जेमतेम पाच टक्के, आणि न दिसणारे कृष्णद्रव्य सुमारे सत्तावीस टक्के, असा आजचा हिशेब आहे. हे कृष्णद्रव्य खडकास जुमानीत नाही. ते जसे आकाशात तसेच खाणीच्या पोकळीतही असणार. त्याचा कण, प्रोटॉनच्या पाच ते दहापट वजनाचा, क्वचित आपोआप क्षय पावत असेल, तर तो हवेतही फुटेल आणि कोलारला दिसले तसेच दिसेल. न्यूट्रिनोची येथे गरजच नाही.

कृष्णद्रव्याच्या क्षयाचा माग आकाशातही काढला जात आहे. २००९ साली 'पामेला' या उपग्रहावरील उपकरणाने आणि २०१३ साली अंतराळ स्थानकावरील 'एएमएस' यंत्राने विश्वकिरणांत अपेक्षेहून अधिक पॉझिट्रॉन दाखविले, तेव्हा मोठी खळबळ उडाली होती. परंतु असेच पॉझिट्रॉन स्पंदक ताऱ्यांपासूनही येऊ शकतात, आणि या दोहोंतील निवाडा आकाशाकडे पाहून करणे अवघड आहे. खाणीच्या पोकळीत तारे नसतात, हा तिचा मोठाच गुण.

राजशेखरन-मूर्तींचा तर्क खरा ठरेलच, असे आमचे म्हणणे नाही. किंबहुना त्याच्याविरुद्ध भक्कम आक्षेप आहे. विश्वाचे वय सुमारे १३.८ अब्ज वर्षे. कृष्णद्रव्याचा दृश्य कणांत तेवढ्या काळात क्षय होत असता, तर आकाशातील गॅमा किरणांत आणि आदिविश्वाच्या प्रारणात त्याच्या ठळक खुणा दिसल्या असत्या. त्या न दिसल्यामुळे त्याचे आयुष्य विश्वाच्या वयाच्या कोटी पटींहूनही अधिक असावे, असे ज्योतिर्भौतिकी सांगते. मग कृष्णद्रव्याचा एखादा अल्प अंशच असा नश्वर आहे असे मानावे, अगर कोलारच्या घटनांचे कारण सर्वस्वी निराळे समजावे. परंतु आमच्याच माणसांनी घेतलेल्या नोंदी खऱ्या की खोट्या, हे तर्काने ठरावयाचे नाही. त्यासाठी पुन्हा खाली उतरून पाहिले पाहिजे.

आणि येथेच आमची तक्रार आहे. कोलारची खाण २००१ साली बंद झाली. तेथील प्रयोग त्याआधीच गुंडाळले गेले होते. तेनी जिल्ह्यातील पोट्टिपुरम येथे डोंगराच्या पोटात न्यूट्रिनो वेधशाळा उभारण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने जानेवारी २०१५ मध्ये संमती दिली. त्याच महिन्यात चीनने आपल्या दक्षिण भागात अशाच भूमिगत प्रयोगशाळेच्या कामास आरंभ केला. चीनची प्रयोगशाळा ऑगस्ट २०२५ मध्ये नोंदी घेऊ लागली. आमचा डोंगर न्यायालयांच्या कागदांतच राहिला, आणि २०२२ साली तामिळनाडू सरकारने सर्वोच्च न्यायालयात उघड विरोध नोंदविला.

या विरोधास अडाणीपणा म्हणून झिडकारण्याची चाल सुशिक्षितांत दिसते. ती आम्हांस मान्य नाही. जागा पश्चिम घाटात आहे, मतिकेट्टान शोला राष्ट्रीय उद्यान पाच किलोमीटरांच्या आत आहे, वाघांच्या वाटा तेथून जातात. सुरुंगांमुळे पाण्याचे झरे आटतील ही शेतकऱ्याची धास्ती खोटी असेल, तर ती खोटी असल्याचे त्याच्या भाषेत, त्याच्या पारावर बसून, सुरुंग लावण्याच्या कितीतरी आधी सांगावयास हवे होते. येथे अणूचा कचरा पुरणार आहेत, असल्या अफवा मौनातच वाढतात.

केंद्र सरकारने आता तामिळनाडूशी बोलणी करून पोट्टिपुरमचा एकदाचा निकाल लावावा, आणि तो नकारार्थी असल्यास दुसरा डोंगर विनाविलंब निवडावा. वेधशाळेचे मुख्य काम न्यूट्रिनोचे आहे, हे खरे. परंतु आराखड्यातील तिची गुहा १३२ मीटर लांब आणि २६ मीटर रुंद आहे. कोलारच्या अरुंद बोगद्यांच्या मानाने ही पोकळी प्रचंड, आणि क्षयाच्या घटना पोकळीच्या आकारमानाबरोबर वाढावयाच्या. गुहेच्या भिंतींवर शोधक बसविल्यास काय दिसू शकेल, याचे गणित आमच्या संशोधकांनी करून ठेवले आहे. त्या शोधकांची तरतूद पहिल्याच अंदाजपत्रकात व्हावी. हजारो टन लोखंडाचे यंत्र उभे राहिल्यावर भिंतींपाशी पुन्हा काम करणे फार खर्चाचे होईल.